उजवीकडच्या दोन ओळी

सुनेने पेरणी यंत्रावर खताची टाकी बसवून घेतली, त्या दिवसापासून सासरे तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायला लागले, आणि ते काही कौतुकाने नव्हे. लग्नाआधी नऊ वर्षं ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. लोकांचं रक्त थेंबाथेंबाने मोजण्यात तिचा हात बसला होता. तेव्हा आता ही बाई आपल्या मक्याला सलाईन लावणार, असं सासरे ज्याला त्याला सांगत सुटले.

"बी पडतं तिथेच सलाईन! म्हणजे जन्मल्या जन्मल्या अतिदक्षता विभागात!"

"बी पडतं तिथे नाही, बाबा," ती शांतपणे सांगायची. "दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली. बियाण्याला चिकटून खत पडलं तर ते जळेल. बाजूला पडलं की मूळ आपण होऊन तिथवर जातं."

"आणि मूळ गेलं नाही तर? त्याला पत्ता कोण देणार, तू?"

चार ओळींचं यंत्र होतं. त्यावर निळी टाकी, यंत्राच्या चाकावर फिरणारा पंप, पंपातून निघणाऱ्या चार नळ्या, प्रत्येक नळीला एक कॉक आणि नळीच्या तोंडाशी बारीक भोकाची पितळी चकती. एवढाच सगळा डोलारा. खत हिरवट काळं, पातळ, पण पाण्यापेक्षा जड; हाताला लागलं तर चिकटायचं. तिचं म्हणणं सरळ होतं. आपण लवकर पेरतो, तेव्हा जमीन गार असते. गार जमिनीत कोवळ्या मुळांना स्फुरद ओढून घेता येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापुरता डबा त्यांच्या हाताशी ठेवायचा. पुढे त्यांचं ती बघून घेतात.

सासऱ्यांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ते म्हणजे, नाही.

त्यांना आसपासचे लोक "ठरलंतर" म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं "ठरलं तर ठरलं" या शब्दांवर संपायचं. माझं चुकलं, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. एकदा ते पत्ता चुकून भलत्याच लग्नाला गेले, पोटभर जेवले, नवऱ्यामुलाला उपदेश केला आणि घरी येऊन म्हणाले, "त्या लोकांनी ऐनवेळी नवरी बदलली."

अशा माणसाशी वाद घालायचा तर साक्षीदार हवा. एका सकाळी चहाच्या टेबलावर आवाज चढले तेव्हा सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दोघं भांडता कशाला? पैज लावा. आमच्या कानांना तरी आराम."

पैजेच्या अटी त्यांनीच घातल्या, आणि इतक्या सफाईने घातल्या की जणू महिनाभर घोकत होत्या. रस्त्याकडच्या शेतात यंत्राच्या उजवीकडच्या दोन ओळींना खत द्यायचं, डावीकडच्या दोन कोऱ्या ठेवायच्या. पेरताना सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने घ्यायच्या, म्हणजे उजवं उजवीकडे आणि डावं डावीकडेच राहील. उगवून महिना झाला की उंची मोजायची.

"उंचीचं काय घेऊन बसलात!" सासरे म्हणाले. "उंच तर बांबूही असतो. शेवटी काट्यावर काय ते दिसेल."

"वजनातही माझ्याच ओळी पुढे असतील," सूनही हट्टाला पेटली.

"मग दोन्ही धरू," सासूबाई म्हणाल्या. "उंचीची एक, वजनाची एक. ज्याचं म्हणणं खोटं ठरेल त्याने खरेदी केंद्राच्या काट्यावर, गाड्यांचे नंबर पुकारायच्या त्या माइकवर, सगळ्यांसमोर म्हणायचं, 'माझं चुकलं.' तीन वेळा."

सासऱ्यांच्या हातातला चमचा क्षणभर अडखळला. पण माघार घेतील तर ते ठरलंतर कसले! "ठरलं," ते म्हणाले, "तर ठरलं."

पंच म्हणून शेजारचे निवृत्त गुरांचे डॉक्टर नेमले गेले. त्यांनी आयुष्यात दोन्ही बाजूंना सारखंच दुखावलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. ट्रॅक्टर चालवायला सुनेचा नवरा होताच. तो कानांवर आवाजबंद टोप्या चढवून बसे आणि घरातही बरेचदा त्या काढायला विसरे. लग्न टिकायचं ते एक कारण असावं.

पेरणीच्या दिवशी सकाळी जमिनीवर धुकं होतं. सासरे बियाण्याच्या पेट्या भरतो म्हणून सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले होते. हे नवलच. एरवी बियाण्याच्या गोण्या दिसल्या की त्यांची कंबर धरायची.

सुनेची एक जुनी खोड होती. मोजल्याशिवाय ती काही सुरू करत नसे. तिने डावीकडचे कॉक बंद केले, उजवीकडच्या दोन नळ्यांखाली मापाचे दोन ग्लास ठेवले आणि यंत्राचं चाक हाताने फिरवलं. पंप गुरगुरला. ग्लास कोरडे. तिने पुन्हा फिरवलं. एक थेंब नाही.

तिने चकती खोलून उजेडात धरली. भोकात पिवळसर मेण दाबून भरलं होतं, आणि वरून अंगठ्याने नीट लिंपलं होतं. ठसा इतका स्पष्ट होता की प्रयोगशाळेतही तिला असा क्वचितच मिळाला असता. अंगठ्यावर मधोमध आडवी जखमेची खूण. घरात चामडी पट्टे शिवायला दोऱ्याला मेण लावणारा माणूस एकच होता, आणि अंगठ्यावर ती खूण असलेलाही एकच. दुसऱ्या चकतीत हाच प्रकार.

ती यंत्रामागे उकिडवी बसून राहिली. आता आरडाओरडा करावा, की सरळ जाऊन चकती त्यांच्या हातात द्यावी? शेडच्या दारातून सासरे अंगणात दिसत होते. पाठीमागे हात बांधून, आकाशाकडे बघत, शीळ वाजवत होते. शीळ त्यांना येत नव्हती. नुसती हवा जात होती. ते बघून तिला हसू आवरेना, आणि हसू आलं म्हटल्यावर राग कुठला टिकायला.

तिने सुईने दोन्ही भोकं कोरून स्वच्छ केली, मेण कुंपणापलीकडे भिरकावलं, चकत्या जागेवर बसवल्या आणि पुन्हा चाक फिरवलं. दोन्ही ग्लासांत सारखी धार पडली. मग ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, सगळं झकास चाललंय बघा. दोन्ही नळ्या अगदी खळखळून!"

"हो का?" सासऱ्यांचे डोळे चमकले. "वा, वा! छान!"

आणि तिथून सुरू झाला त्या घराच्या इतिहासातला सासऱ्यांचा सगळ्यात प्रेमळ दिवस. मनात चोर असला की माणूस किती गोड होतो, हे सुनेने तेव्हा पाहिलं. ते तिला "डॉक्टरीणबाई" ऐवजी "बाळ" म्हणू लागले. ऊन वर आलं तेव्हा छत्री घेऊन तिच्यामागे उभे राहिले. ती म्हणाली, "बाबा, गाळणी जरा चिकटलीय," तर त्यांनी गाळणी धुतली. ती म्हणाली, "कॅन उचलवत नाही," तर त्यांनी कॅन उचलले, कंबर न धरता. तिला एकेक नवीन काम सुचत गेलं. दुपारपर्यंत त्यांनी यंत्राच्या चाकांचा चिखलही खरवडून काढला.

फक्त एक गोष्ट त्यांना खुपू लागली. टाकी रिकामी होत होती.

पहिल्या चार फेऱ्यांनंतर त्यांनी टाकीकडे सहज पाहिलं. आठव्या फेरीनंतर जरा निरखून पाहिलं. बाराव्या फेरीनंतर ते यंत्राखाली वाकले आणि टाकीच्या बुडावरून बोट फिरवलं.

"काही शोधताय का?" तिने विचारलं.

"नाही, म्हटलं, गळतंय की काय कुठे."

"गळेल कशाला? जमिनीत जातंय की."

"जमिनीत," सासरे म्हणाले. "हो. जमिनीतच जाणार म्हणा."

संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. दोन चकत्या बंद, दोन कॉक बंद, आणि टाकी मात्र तळाला! दुसऱ्या दिवशी ते खुरपं घेऊन शेताच्या कडेला काहीतरी उकरताना दिसले. "गांडुळं बघतोय," म्हणाले.

नवव्या दिवशी मका उगवला. उजवीकडच्या ओळी रेघ मारल्यासारख्या वर आल्या. फक्त घराकडच्या टोकाला वीसेक पावलांत मोठा खंड पडला होता. जे चार-दोन कोंब होते तेही वाकडे, टोकाशी करपलेले.

"जळालं!" सासरे आनंदाने ओरडले. "मी सांगत नव्हतो? खताने बी जळालं!" आणि ओरडता ओरडताच त्यांचा चेहरा विचारात पडला. कारण त्यांच्या हिशेबी तिथे खत गेलेलंच नव्हतं, मग जळालं कशाने?

सूनही चक्रावली. सगळीकडे एकच धार, एकच माप, मग फक्त वीस पावलांतच असं का? तिने माती हुंगली. खताचा दर्प नाकाला झोंबला, आणि तोही वरच्याच थरात. तिचं खत तर खाली होतं. ती तशीच घरी आली आणि वास काढत काढत मोरीपाशी पोहोचली. कुंड्यांना पाणी घालायची झारी बादलीमागे लपवलेली होती. आत हिरवट काळा थर.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, झारीकडे पाहिलं आणि मग छताकडे.

"आई?"

"टाकीच्या तळाला थोडं उरलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पेरणी झाली त्याच दुपारी, तुम्ही हातपाय धूत होता तेव्हा काढलं. वाया कशाला घालवायचं? म्हटलं, तुझ्या ओळींना जरा हातभार लावावा."

"पाणी घातलंत का त्यात?"

"पाणी घालून ताकद कुठे राहते?"

सुनेने कपाळावर हात मारला. "आई, तुम्ही त्यांना जेवण नाही घातलंत, नाक दाबून गिळायला लावलंत! आणि पैज लावायची अक्कल तुमचीच ना? मग लबाडीही तुम्हीच?"

सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि तिचा हात धरला. "एकेचाळीस वर्षं झाली गं. पाहुण्यांच्या गाडीत मिठाचं पोतं समजून सिमेंट ठेवलं, तेव्हा म्हणाले नाहीत. माझ्या भावाला जिवंत असताना शोकपत्र पाठवलं, तेव्हा म्हणाले नाहीत. एकदा, फक्त एकदा मला ते ऐकायचंय. आणि माइकवर म्हणजे तर..." त्यांनी डोळे मिटून घेतले.

सुनेने निमूटपणे झारी तीन पाण्यांनी धुतली. मेणाची गोष्ट मात्र तिने सासूबाईंनाही सांगितली नाही. त्या ती पोटात ठेवू शकल्या नसत्या. संध्याकाळी ती पंचांना भेटली आणि म्हणाली, "घराकडची वीस पावलं मोजणीतून वगळा. एका कार्यकर्त्याचा उत्साह जास्त झाला."

"कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते नका विचारू."

"मी चाळीस वर्षं गुरांचं बघितलं," डॉक्टर म्हणाले. "ती कधी सांगत नाहीत, तरी निदान होतंच." आणि त्यांनी वहीत ती वीस पावलं खोडून टाकली.

महिना उलटला. मधल्या गार हवेत डावीकडच्या ओळी थिजल्यासारख्या झाल्या होत्या. पानांच्या कडांना जांभळी झाक आलेली, उंची जेमतेम नडगीपर्यंत. उजवीकडच्या ओळी गुडघ्याला लागत होत्या आणि हिरव्या म्हणजे अगदी काळपट हिरव्या. रस्त्याने जाणारी माणसं सायकल थांबवून बघत. दोन ओळी उंच, दोन ठेंगण्या, पुन्हा दोन उंच, दोन ठेंगण्या. शेताने पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातल्यासारखं दिसायचं.

डॉक्टरांनी गुरांची छाती मोजायची टेप काढली आणि एकेका रोपाला असं मोजू लागले, की रोपानेही जीभ बाहेर काढून दाखवावी. सासरे त्यांच्या मागेमागे होते.

"तिकडे ऊन जास्त पडतं," ते म्हणाले.

"दोन ओळींमध्ये दोन हातांचं अंतर आहे," डॉक्टर म्हणाले. "ऊन एवढं बारकाईने पडत नाही."

"माती चांगली आहे तिकडची."

"प्रत्येक फेरीत? नेमकी उजवीकडचीच?"

"बियाणं वेगळं असेल."

"पेट्या तुम्हीच भरल्या होत्यात."

डॉक्टरांनी टेप गुंडाळली आणि वहीत आकडा लिहिला. "उंचीचा निकाल सूनबाईंकडे. खताचा परिणाम स्वच्छ दिसतोय."

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. महिनाभर पोटात कोंडलेलं सत्य आता घशाशी आलं होतं. "खताचा कसला परिणाम!" ते गरजले. "त्या नळ्यांमधून एक थेंब गेलेला नाही! एक थेंब!"

डॉक्टरांनी वहीतून मान वर केली.

"तुम्हाला कसं माहीत, बाबा?" सुनेने अगदी मऊ आवाजात विचारलं.

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अंदाज," ते म्हणाले.

"अहो," सासूबाई पुढे आल्या, "कसला अंदाज? काय केलंत तुम्ही?"

"मी? मी काय करणार? ते... मेण... म्हणजे समजा, कुणी मेण भरलं असेल..."

"गाईसुद्धा याहून बरं खोटं बोलतात," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा सुनेने सांगून टाकलं. सकाळचे कोरडे ग्लास, अंगठ्याचा ठसा, सुई, सगळं. सासरे ऐकत होते. हळूहळू त्यांच्या लक्षात काहीतरी वेगळंच यायला लागलं.

"म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"सकाळपासून."

"मी तुझ्या डोक्यावर छत्री धरली. गाळणी धुतली."

"हो, बाबा."

"चाकांचा चिखल काढला! कॅन उचलले, सात!"

"नऊ. फार मदत झाली."

सासऱ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. आता काय होणार म्हणून सासूबाईंनी पदर घट्ट धरला. पण त्यांच्या मिशा थरथरल्या, खांदे हलायला लागले आणि ते बांधावर बसकण मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अस्सल आहे," ते डॉक्टरांना म्हणाले. "अस्सल! माझ्या घरात शोभणारी आहे."

ट्रॅक्टरवरून नवऱ्याने कानावरची टोपी उचलली. "काय झालं?"

"काही नाही," घरची तिघं एकदम म्हणाली, आणि त्याने टोपी परत चढवली.

कापणीच्या वेळी दोन ट्रेलर वेगळे भरले, मोजलेल्या जागेतल्या ओळी वेगवेगळ्या तोडून. खरेदी केंद्राच्या काट्यावर रांग होती, ओळखीची निम्मी माणसं हजर होती, आणि का हजर होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई चक्क ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. उजवीकडचा मका जास्त वाळलेला निघाला. त्याला कणसंही चार दिवस आधी आली होती. पण ओलाव्याची वजावट करून वजन लावलं तेव्हा दोन्ही ट्रेलर जवळजवळ सारखे भरले. फरक होता तो दीड घमेल्याचा, आणि तोही डावीकडच्या बाजूने. पुढे उन्हाळा चांगला पडला होता आणि मागे राहिलेल्या ओळींनी निमूटपणे गाठून घेतलं होतं.

"उंचीत सासरे खोटे," डॉक्टरांनी जाहीर केलं, "वजनात सूनबाई खोट्या. दोघंही माइकवर."

सुनेने आधी माइक घेतला. नऊ वर्षं अहवाल लिहिलेली बाई ती. तिला त्यात कसलं दुःख? "वजनाच्या बाबतीत माझं चुकलं," असं तिने तीनदा खणखणीत म्हटलं आणि वर पुस्ती जोडली, "पण मका लवकर वाळतो, हे लिहून घ्या."

मग सासरे. त्यांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"सदर यंत्रासंबंधी," ते म्हणाले, "माझ्याकडून काही प्रमाणात अंदाजात..."

"स्पष्ट," सासूबाई म्हणाल्या.

कर्ण्यातून बराच वेळ नुसती खरखर आली. मग सगळ्या आवारात, गोण्यांवरून, छपरांवरून, चहाच्या टपरीपर्यंत आवाज घुमला. "माझं चुकलं."

सासूबाई डोळे मिटून उभ्या होत्या. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मान डोलावली. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हातारा इतका लाजलेला त्यांनी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. कुणास ठाऊक काय वाटलं, त्यांनी पुढे होऊन त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाल्या, "माझंही थोडं चुकलं." आणि माइक कारकुनाला देऊन गाडीत जाऊन बसल्या.

"तुझं काय चुकलं?" सासऱ्यांनी घरी जाईपर्यंत सहा वेळा विचारलं.

"थोडंच चुकलं."

"पण काय?"

"म्हटलं ना, थोडं."

सुनेने खिडकीबाहेर पाहत ओठ दाबून धरले.

पुढच्या पेरणीला सासरे स्वतःच टाकी धुवायला बसले. कुंपणापलीकडे दोन शेजारी उभे होते, आणि ते त्यांना बोटं दाखवून समजावत होते, "दोन इंच बाजूला, दोन इंच खाली. चिकटून नाही टाकायचं, बी जळतं. गार जमिनीत मुळाला ओढवत नाही, कळलं? आमच्या घरात हे फार आधीपासून ठरलेलं आहे."

मग ते सुनेजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, चारही नळ्या सोड. पण रस्त्याच्या कडेच्या दोन ओळी तेवढ्या कोऱ्या ठेवू या."

"कशाला, बाबा?"

"लोकांना दाखवायला काहीतरी नको?"

तिने त्या दोन ओळींचे कॉक दाखवले, त्यांनी ते पहिल्या फेरीपुरते स्वतःच्या हाताने बंद केले, आणि ट्रॅक्टर सुरू करायला सांगण्यासाठी मुलाच्या दिशेने जोरजोरात हात हलवू लागले.